केबलची रेषा नकाशावर एकीकडे, जमिनीवर दुसरीकडे: क्यूजीआयएसमध्ये दोष कसा शोधायचा

फायबर केबलच्या मार्गाची फाइल क्यूजीआयएस या नकाशांवर काम करायच्या संगणक प्रोग्राममध्ये उघडल्यावर खालीलपैकी काहीतरी दिसत असेल, तर ही नोंद तुमच्यासाठी आहे.

- रेषा रस्त्याच्या कडेनं जायला हवी, पण ती शेतांतून, विहिरींवरून जाते. वळणं मात्र हुबेहूब रस्त्यासारखीच.
- अख्खा मार्ग दुसऱ्याच राज्यात किंवा समुद्रात पडतो, नाहीतर दिसतच नाही.
- मार्गाची लांबी ०.१३ अशी काहीतरी येते, किंवा साइटवर टेपनं मोजलेल्या अंतरापेक्षा पाच-सात टक्के जास्त येते.
- दोन गावांमधला सर्वांत छोटा मार्ग काढायला सांगितलं, तर मार्ग सापडत नाही किंवा भलताच वळसा निघतो.
- ओटीडीआरनं (तंतूत प्रकाश सोडून तूट किती दूर आहे ते सांगणारं यंत्र) तुटीचं अंतर दिलं, नकाशावर तेवढं मोजून खड्डा घेतला, आणि तिथे केबल शाबूत निघाली.

वेगवेगळ्या कंत्राटदारांकडून अशा फाइली माझ्याकडे सतत येतात. बहुतेक वेळा सर्व्हे करणाऱ्या मुलांनी उन्हातान्हात काम व्यवस्थित केलेलं असतं. आकडे बरोबर असतात, पण ते कोणत्या पद्धतीतले आहेत हे फाइलला चुकीचं सांगितलेलं असतं किंवा सांगितलेलंच नसतं. आणि दोष मात्र साइटवरच्या माणसांवर येतो.

काहीही करण्याआधी एक गोष्ट टाळा. रेषा माउसनं धरून सॅटेलाइट चित्रातल्या रस्त्यावर बसवू नका. तसं केलं की स्क्रीनवर सगळं छान दिसतं, पण चुकीची खूण पुसली जाते आणि मूळ कारण कधीच सापडत नाही. पुढे त्याच फाइलवरून कुणीतरी जेसीबी लावतं आणि चालू केबल तोडतं. मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवा आणि तपासणी प्रतीवर करा.

आधी चुकीचा नमुना ओळखा

याला पाच मिनिटं लागतात आणि खर्च शून्य. मार्गावरच्या तीन जागा निवडा: सुरुवात, मध्य आणि शेवट. पूल, चौक, ग्रामपंचायतीची इमारत अशा सहज ओळखू येणाऱ्या जागा घ्या. प्रत्येक ठिकाणी रेषा किती आणि कोणत्या दिशेला सरकली आहे ते मोजून लिहा.

तिन्हीकडे सारखंच अंतर, सारखीच दिशा असेल तर दोष निर्देशांक पद्धतीत (जागा कशा आकड्यांत लिहायची ती रीत) किंवा डेटममध्ये (ते आकडे पृथ्वीवर कशाच्या आधारानं मोजायचे तो पाया) आहे. जागा बरोबर आहे पण लांबी ठरावीक टक्क्यांनी जास्त आहे, तर दोष मोजण्याच्या पद्धतीत आहे. एकीकडे तीन मीटर पूर्वेला, दुसरीकडे सात मीटर दक्षिणेला असं विस्कळीत असेल तर जीपीएस किंवा हातानं रेषा काढण्यातली ढिलाई. फक्त एका टोकालाच चूक असेल तर दोन वेगवेगळ्या फाइली जोडल्या गेल्या आहेत. या एका मोजणीवरून पुढच्या कोणत्या तपासण्या गाळता येतील ते कळतं.

फाइल पूर्ण आली आहे का?

शेपफाइल ही एक फाइल नसते. एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ आणि पीआरजे अशा किमान चार फाइलींचा तो संच असतो. व्हॉट्सॲपवर माणसं फक्त एसएचपी पाठवतात. पीआरजे आली नाही तर निर्देशांक पद्धत कुठली हे क्यूजीआयएसला कळायला मार्गच नसतो. मग लेअरच्या (नकाशातल्या त्या थराच्या) नावापुढे प्रश्नचिन्ह दिसतं. ते दिसलं तर पुढे जाऊ नका. पाठवणाऱ्याला अख्खा फोल्डर झिप करून, किंवा त्याहून बरं म्हणजे जिओपॅकेज करून पाठवायला सांगा. जिओपॅकेजमध्ये सगळं एकाच फाइलीत राहतं, आणि स्तंभांची नावं दहा अक्षरांवर तुटण्याची शेपफाइलची अडचणही जाते.

गावांची मराठी नावं चिन्हांचा कचरा होऊन दिसत असतील तर लेअरच्या गुणधर्मांत एन्कोडिंग यूटीएफ-८ करा. त्याचा मार्गाच्या जागेशी संबंध नाही.

निर्देशांक पद्धत

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण सगळ्यात जास्त दोष इथेच सापडतात.

यूटीएम ही जगाचे उभे पट्टे (झोन) पाडून जागा मीटरमध्ये सांगणारी पद्धत. महाराष्ट्र तिच्या दोन झोनमध्ये विभागला आहे. ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांश म्हणजे झोन ४३, ईपीएसजी (पद्धतीचा सांकेतिक क्रमांक) ३२६४३. ७८ च्या पुढे झोन ४४, ईपीएसजी ३२६४४. मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अकोला, अमरावती आणि सगळा गोवा ४३ मध्ये. वर्धा, यवतमाळ, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली ४४ मध्ये. ७८ अंशाची रेषा चांदूर रेल्वे आणि धामणगाव रेल्वे यांच्या दरम्यानून जाते. म्हणजे अमरावतीहून वर्ध्याला केबल न्यायची तर मार्ग वाटेत झोन बदलतो.

आता ४४ झोनमधल्या आकड्यांना चुकून ४३ सांगितलं, तर अख्खा मार्ग अक्षांश न बदलता बरोबर सहा अंश पश्चिमेला जातो. नागपूर शहरातला मार्ग गुजरातेत बारडोलीच्या आसपास दिसायला लागतो. असं काही दिसलं की घाबरू नका, ही सर्वांत सोपी दुरुस्ती आहे.

दुरुस्ती करताना मात्र दोन आज्ञांमधला फरक पक्का लक्षात ठेवा. ‘असाइन प्रोजेक्शन’ किंवा ‘सेट लेअर सीआरएस’ आकड्यांना हात लावत नाही, फक्त त्यांच्यावरची पाटी बदलते. ‘रीप्रोजेक्ट लेअर’ आकडेच नव्या पद्धतीत रूपांतरित करते. पाटी चुकीची असेल तर पहिली आज्ञा वापरायची. पाटी बरोबर आहे पण तुम्हाला दुसऱ्या पद्धतीत काम करायचं आहे, तर दुसरी. उलट केलं की चूक फाइलीत कायमची मुरते. एकदा चुकीची पाटी लावून कुणी रीप्रोजेक्ट केलं असेल तर ती फाइल दुरुस्त करत बसण्यापेक्षा मूळ फाइल मागवणं केव्हाही चांगलं.

हा दोष लपून राहतो कारण क्यूजीआयएस वेगवेगळ्या पद्धतींतले लेअर स्क्रीनवर आपोआप एकमेकांवर बसवून दाखवतं. दिसायला सगळं जुळलेलं, आतले आकडे मात्र निराळे. म्हणून स्क्रीनवर विश्वास न ठेवता प्रत्येक लेअरच्या माहितीच्या पानावर जाऊन पद्धत वाचा.

झोन ओलांडणाऱ्या मार्गाचं काय करायचं? एकच झोन ठरवा आणि सगळं काम त्यातच करा. नागपूरपर्यंतचा मार्ग ४३ मध्ये ठेवला तरी लांबीतला फरक किलोमीटरमागे दोन मीटरच्या आत राहतो. नियोजनाला तेवढं चालतं. दोन तुकडे दोन झोनमध्ये ठेवून नंतर जोडणं यातून जास्त घोळ होतात.

अक्षांश-रेखांशाची अदलाबदल आणि दशांशाचा घोळ

एक्सेलमधून सीएसव्ही आणताना एक्स म्हणजे रेखांश आणि वाय म्हणजे अक्षांश. आपण बोलताना आधी अक्षांश म्हणतो, त्यामुळे स्तंभ उलटे पडतात. महाराष्ट्रात अक्षांश साधारण १५.६ ते २२ आणि रेखांश ७२.६ ते ८०.९ असतो. वायच्या खाली सत्तरीतले आकडे दिसले की अदलाबदल झालीच. अशी उलटी पडलेली पुण्याची ठिकाणं नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात जातात.

याहून फसवा प्रकार म्हणजे अंश-मिनिटं. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.५. पण वहीतून उतरवताना कुणी १८.३० लिहितं आणि ठिकाण सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेला जातं. ओळखायचं कसं? दशांशानंतरचे पहिले दोन आकडे सगळ्या यादीत कुठेच ६० च्या वर जात नसतील तर ती बहुधा मिनिटं आहेत. दशांशानंतर किती स्थळं आहेत तेही बघा. चार स्थळांपर्यंतच आकडे असतील तर ११ मीटरपर्यंतची बारीक माहिती एक्सेलमध्येच गेली. केबलसाठी किमान सहा स्थळं ठेवा.

लांबी पाच-सात टक्के जास्त येते तेव्हा

लांबी ०.१३ आली तर ती अंशांत मोजली गेली आहे. लेअर यूटीएममध्ये रीप्रोजेक्ट करा, प्रश्न संपला.

टक्केवारीतला फरक जास्त महागात पडतो, कारण आकडा खरा वाटतो आणि तसाच अंदाजपत्रकात जातो. गूगल किंवा ओपनस्ट्रीटमॅपचं चित्र पार्श्वभूमीला घेतलं की प्रोजेक्ट बरेचदा वेब मर्केटर या ऑनलाइन नकाशांच्या पद्धतीत, म्हणजे ईपीएसजी ३८५७ मध्ये जातो. तिथे विषुववृत्तापासून जेवढं दूर जावं तेवढी अंतरं ताणली जातात. कोल्हापुरात हा ताण सुमारे ४.४ टक्के, पुण्यात ५.५, नागपुरात ७.२. म्हणजे पुण्यातला खरा १० किलोमीटरचा मार्ग १०.५५ दिसतो. तुमच्याकडचा फरक तुमच्या जिल्ह्याच्या आकड्याशी जुळला तर दोषी सापडला, पुढे शोधायला नको.

फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये दोन सूत्रं सारखी दिसतात (टंकायची रोमन अक्षरांत). ‘$लेंग्थ’ प्रोजेक्टमध्ये ठरवलेल्या लंबगोलावर (पृथ्वीच्या आकाराच्या गणिती प्रतिमेवर) लांबी काढतं. ‘लेंग्थ($जिओमेट्री)’ लेअरच्या सपाट आकड्यांवर काढतं. लेअर वेब मर्केटरमध्ये असेल तर दुसऱ्या सूत्राची लांबी फुगलेलीच येणार. प्रोजेक्टच्या गुणधर्मांत लंबगोल डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरतं तोच) निवडा आणि ‘$लेंग्थ’ वापरा. दोन्ही सूत्रं शेजारी दोन स्तंभांत लावून बघितली तर फरक लगेच डोळ्यांसमोर येतो.

लांबी वाढली की घाटाच्या चढाला दोष द्यायची सवय आहे. गणित करून बघा. दहा टक्के चढ असलेल्या रस्त्यावर नकाशातला एक किलोमीटर प्रत्यक्षात १,००५ मीटर भरतो. फक्त पाच मीटर. कुंभार्ली किंवा वरंध घाटात लांबी चुकते ती वळणांमुळे. रेषा काढणाऱ्यानं नागमोडी वळणावर दोनच बिंदू दिले की वळण कापलं जातं, आणि त्यामुळे नकाशावरची लांबी कमी भरते. तिथे जवळून झूम करून बिंदू वाढवा.

रेषा सगळीकडे सारखीच सरकली असेल

सरकणं शंभर ते दोनशे मीटरच्या दरम्यान आणि सगळीकडे एकाच दिशेला असेल, तर जुन्या टोपोशीटवरून (सरकारी नकाशाच्या पत्रकावरून) घेतलेला डेटा समजा. सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी पत्रकं एव्हरेस्ट लंबगोलावर आहेत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतरची ओपन सिरीज पत्रकं डब्ल्यूजीएस ८४ वर. जुन्या पत्रकातले आकडे तसेच्या तसे जीपीएसच्या आकड्यांशेजारी ठेवले की हा फरक पडतो. स्रोत कलियाणपूर डेटमचा (एव्हरेस्ट लंबगोलावरच्या जुन्या भारतीय डेटमचा) आहे असं सांगून रीप्रोजेक्ट करा. त्यानंतरही दहा-वीस मीटरची अनिश्चितता उरू शकते, कारण त्या रूपांतराचे ठरीव आकडे अख्ख्या देशासाठी सरासरीनं काढलेले आहेत. म्हणून असा मार्ग फक्त प्राथमिक आखणीला वापरा, खोदाईला नाही.

सरकणं पाच-दहा मीटरचंच असेल तर रेषेवर संशय घेण्याआधी चित्रावर घ्या. पार्श्वभूमीची उपग्रह चित्रं स्वतःच काही मीटर सरकलेली असतात, डोंगराळ भागात जास्त. दोन वेगळ्या सेवांची चित्रं आळीपाळीनं लावा. एकाच पुलाची जागा दोन चित्रांत वेगळी दिसली, तर तेवढी चूक चित्रांची आहे. शिवाय मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरपर्यंतच खरा. झाडीत आणि इमारतींमध्ये चूक त्याहून जास्त. रस्त्याच्या कोणत्या कडेला केबल आहे हे मोबाइलच्या नोंदीवरून ठरवू नका. सर्व्हे करणाऱ्यानं ‘रस्त्याच्या मध्यापासून डावीकडे ६ मीटर’ असं टेपनं मोजून लिहिलं असेल तर ती नोंद जीपीएसपेक्षा जास्त मोलाची.

छोटा मार्ग सापडत नाही

रस्त्यांच्या रेषा दिसायला जुळलेल्या असतात, पण टोकं एकमेकांना टेकलेली नसतात. अर्ध्या मीटरची फट असली तरी संगणकाच्या लेखी तिथे रस्ता संपतो. आधी स्नॅपिंग करून टोकं जुळवा किंवा साधनातली टोपॉलॉजी टॉलरन्स (किती फट चालवून घ्यायची तो आकडा) वाढवा. हा आकडा लेअरच्या एककांत असतो. लेअर अंशांत असताना तिथे १ लिहिलं तर तो एक मीटर नाही, एक अंश म्हणजे शंभर किलोमीटरहून जास्त होतो, आणि सगळे रस्ते एकमेकांना चिकटतात. म्हणून आधी यूटीएम, मग टॉलरन्स. वळसा येत असेल तर एकेरी वाहतुकीचा स्तंभ दिशेसाठी निवडला आहे का बघा, केबलला वन-वे लागू नाही.

ओटीडीआर आणि नकाशा जुळत नाहीत

ही तपासणी महाग आहे, कारण यात माणसं आणि गाडी लागते. वरचं सगळं तपासून झाल्याशिवाय इथे येऊ नका. पण केबल तुटली आहे, गावात इंटरनेट बंद आहे, तेव्हा हेच सगळ्यात महत्त्वाचं ठरतं.

ओटीडीआर जमिनीवरचं अंतर मोजत नाही, काचेच्या तंतूची लांबी मोजतो. नकाशावरच्या रेषेपेक्षा चर थोडी लांब असते, कारण ती मोऱ्यांना, झाडांना वळसे घेते. चरीपेक्षा केबल लांब असते, कारण प्रत्येक चेंबरमध्ये (केबलसाठीच्या झाकणाच्या खड्ड्यात) लूप, म्हणजे केबलचे जादा वेढे, सोडलेले असतात. आणि केबलपेक्षा फायबर लांब असतं, कारण आतल्या नळ्या पीळ घालून बसवलेल्या असतात. हे सगळे फरक एकाच दिशेनं साठत जातात. पाच-सहा चेंबर ओलांडले की शंभर मीटरचा फरक सहज पडतो, आणि तो दोष नव्हे.

यंत्रातला अपवर्तनांक (काचेत प्रकाश किती मंदावतो तो आकडा) आधी बघा. फायबर बनवणाऱ्यानं १.४६७७ दिला असताना यंत्रात १.४६ असेल, तर २० किलोमीटरवर सुमारे शंभर मीटरची चूक होते. केबलच्या डेटाशीटमधला आकडा भरायचा, अंदाजे नाही.

त्यानंतर एक्सचेंजपासूनचं अंतर नकाशावर मोजणं सोडून द्या. तुटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा, असे दोन जॉइंट (केबलचे सांधे) घ्या ज्यांची जागा नक्की माहीत आहे. पलीकडच्याचा आकडा केबल टाकल्यावर घेतलेल्या जुन्या ट्रेसवरून (ओटीडीआरच्या आलेखावरून) मिळतो. समजा ओटीडीआरवर ते ६,१२० आणि ८,२०० मीटरवर आहेत, मधलं अंतर २,०८०. नकाशावर त्यांच्यात २,००० मीटर आहेत. तूट ७,१६० वर दिसते, म्हणजे पहिल्या जॉइंटपासून १,०४० पुढे, बरोबर अर्ध्यावर. मग नकाशावर पहिल्या जॉइंटपासून १,००० मीटरवर जायचं. आधीच्या सगळ्या लूपांची आणि पिळाची चूक अशा रीतीनं गळून जाते. मधल्या एखाद्या चेंबरमध्ये लूप आहे हे माहीत असेल तर तेवढं आधी वजा करा.

शेवटचा पुरावा केबलच्या आवरणावरच छापलेला असतो. दर मीटरला आकडा असतो. चेंबरचं झाकण उघडा, पाणी उपसा, केबल फडक्यानं पुसा आणि आत येताना व बाहेर जाताना दिसणारे दोन्ही आकडे वाचा. दोन्हींतला फरक म्हणजे त्या चेंबरमधला लूप. एका चेंबरचा बाहेर जाणारा आणि पुढच्याचा आत येणारा आकडा यांतला फरक म्हणजे मधली खरी केबल, मात्र दोन्ही चेंबरमध्ये एकाच ड्रमची (रिळाची) केबल असेल तर. हे आकडे चेंबरच्या फोटोसह लेअरमध्ये वेगळ्या स्तंभांत भरून ठेवा. केबल टाकताना हे काम फुकट होतं. नंतर करायला गेलात तर प्रत्येक चेंबरला फेरी पडते. मी ठेकेदारांकडे एकच हट्ट धरतो, तो याचा.

इथे थांबा

खालील ठिकाणी फाइल, यंत्र आणि अनुभव असला तरी पुढे जाऊ नका.

भूमिगत वीजवाहिनी किंवा गॅसवाहिनी जवळ असेल तर नकाशावरून खड्डा घ्यायचा नाही. त्या संस्थेचा माणूस जागेवर हवा, आणि केबल लोकेटर किंवा जमिनीतला रडार चालवणारा प्रशिक्षित माणूस हवा. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲपवर खोदाईची सूचना द्या, पण ती दिली म्हणून सगळ्या वाहिन्यांच्या जागा अचूक मिळतील असं समजू नका.

रेल्वे ओलांडणं, राष्ट्रीय महामार्ग आणि वनहद्द यांसाठी मोबाइल जीपीएसचा नकाशा चालत नाही. डीजीपीएस किंवा आरटीके यंत्र (जीपीएसची चूक सुधारून जागा देणारं) असलेला सर्व्हेअर बोलवा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स स्थानकांच्या (सतत उपग्रहांचे संकेत नोंदणाऱ्या स्थिर केंद्रांच्या) आधारानं तो काही सेंटीमीटरपर्यंत जागा देऊ शकतो. मार्गाच्या परवानगीचे नियमही १ जानेवारी २०२५ पासून नवे आहेत, २०१६ च्या नियमांवर बनवलेला जुना अर्जाचा नमुना वापरू नका.

शेतकरी म्हणाला की केबल माझ्या गटातून गेली आहे, तर गाव नकाशा क्यूजीआयएसमध्ये बसवून त्याच्याशी वाद घालू नका. जुने गाव नकाशे कागदावरून स्कॅन केलेले असतात. ते चित्रावर कितीही नीट बसवले तरी हद्दीचा पुरावा होत नाहीत. हद्द ठरवायचं काम भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीचं. तोवर त्या तुकड्यातलं काम थांबवा.

आणि फायबरच्या टोकात डोळा घालून कधीही बघू नका. १३१० आणि १५५० नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

तज्ज्ञाला बोलावताना त्याच्या हातात चार गोष्टी द्या: मूळ, न बदललेली फाइल, सुरुवातीला तीन जागी मोजलेलं सरकणं, चेंबरमधले आवरणावरचे आकडे, आणि ओटीडीआरची मूळ एसओआर फाइल. छापील पीडीएफ देऊ नका, त्यात अपवर्तनांक बदलून अंतर पुन्हा काढता येत नाही.